मुद्दाम चुकवलेली चाचणी

“सीटीईची दाट शक्यता आहे,” न्यूरॉलॉजिस्ट बाई म्हणाल्या. सीटीई म्हणजे क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफलोपॅथी. डोक्याला वर्षानुवर्षं धक्के बसत गेले की मेंदू हळूहळू झिजतो. खात्रीचं निदान मृत्यूनंतरच होतं, हेही त्यांनी सांगितलं. माझा मुलगा ओंकार शेजारी बसून ऐकत होता. सदतीस वर्षांचा.

तो व्यावसायिक अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनमन होता. चेंडू फेकणाऱ्याच्या पुढे उभं राहून अंगावर येणाऱ्यांना अडवायचं, हे त्याचं काम. प्रत्येक डावाला टक्कर. आठ वर्षांत सहा संघ झाले. कुणी जखमी झालं की बोलावणं यायचं, तो बरा झाला की ओंकारला निरोप. आमच्या नेपरव्हिल गावातली ओळखीची मुलं विचारायची, “काकू, तो टीव्हीवर कधी दिसतो?” ओंकार हसायचा. “टेल देम, आई, मी मेस अप केलं की माझं नाव घेतात.”

खेळ सुटल्यावर तो आमच्याकडे राहायला आला. रोजच्या रस्त्यावर वाट चुकू लागला. एकदा रागात कपाटाचं दार उखडलं आणि तासाभरानं मलाच विचारलं, हे कुणी तोडलं?

आधीच्या डॉक्टरांनी त्याची जुनी बेसलाइन टेस्ट मागवली. मोसमापूर्वी, खेळाडू ठणठणीत असताना, स्मरणशक्ती मोजून ठेवतात. पुढे डोक्याला मार लागला की त्या आकड्यांशी ताडून पाहतात. डॉक्टर म्हणाले, “फारसा फरक नाही. त्याची पातळी मुळात एवढीच असावी.”

ओंकारनं ते मानलं. “आय वॉज ऑलवेज स्लो, आई.”

खरं काय ते मला माहीत होतं. तिसऱ्या संघात असताना त्यानंच फोनवर सांगितलं होतं की ती चाचणी तो मुद्दाम वाईट देतो. पहिला आकडाच कमी असला की मार बसल्यावरही पास होता येतं. एक आठवडा बाहेर बसलं की त्याच्यासारख्याची जागा गेलीच. “एव्हरीबडी डज इट.” मी म्हणाले, “शाळेत असा नापास झाला असतास तर पाठीत धपाटा घातला असता!” आम्ही दोघंही हसलो. कुणाला सांगणार नाही, असं वचनही मी दिलं.

डॉक्टरांसमोर मी ते वचन पाळलं. तेव्हा त्याला एका शाळेत कोचची नोकरी मिळण्याची आशा होती. खोटेपणा कळला तर तीही जाईल, असं वाटलं. मी ग्रंथपाल होते. नोंदी अचूक ठेवण्यात जन्म गेला, आणि ही एक खोटी नोंद चौदा महिने तशीच राहू दिली.

मग या बाई भेटल्या. त्यांनी कागद बाजूला सारले आणि मला विचारलं, “लहानपणी तो कसा होता?”

मी सगळं सांगितलं. शाळेच्या संघाच्या डावांची जाडजूड वही तो चार दिवसांत पाठ करायचा. माझं शब्दकोडं माझ्याआधी सोडवायचा. चाचणीचंही सांगितलं.

ओंकार माझ्याकडे पाहत राहिला. “सो आय वॉज स्मार्ट?”

“हो.”

“देन व्हाय डिड यू लेट देम से आय वॉझन्ट?”

 

आजारावर उपाय नव्हता. झोपेसाठी, रागासाठी औषधं मिळाली, पण चौदा महिने आधी मिळाली असती तर तेवढे दिवस तरी तो शांत झोपला असता. पुढच्या हिवाळ्यात न्यूमोनियानं तो गेला. त्याच्या इच्छेप्रमाणे मेंदू तपासणीसाठी दिला. बाईंचा अंदाज खरा ठरला.

तुमच्या घरात असा खेळाडू असेल तर तो आधी कसा होता, ते लिहून ठेवा आणि पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. त्यानं काही लपवायला सांगितलं असेल तर वचन मोडा.

त्या बाईंची मी ऋणी आहे. शेवटच्या महिन्यांत ओंकार रोज सकाळी विचारायचा, “वॉज आय स्मार्ट, आई?” आणि मी रोज सांगायचे, “हो रे, खूप.” तो मान हलवायचा आणि चहा प्यायचा.