आत बघितलंत का?

अख्ख्या रत्नागिरीत, कुठल्याही वस्तूचं तोंड उघडं दिसलं की त्यात डोकावल्याशिवाय ज्याला अन्न गोड लागत नाही असा एकच माणूस आहे, आणि तो आमच्या मांडवीत, आमच्या शेजारी राहतो! या काकांची उभी नोकरी पोफळीच्या वीजघरात गेली, बोगदे आणि पाण्याचे अवाढव्य नळ सांभाळण्यात. आत माणूस उतरल्याशिवाय दुरुस्ती नाही, हा तिथला नियम त्यांच्या हाडात मुरलाय. खिशात कायम टॉर्च. माझ्या ताईच्या साखरपुड्यात भटजी मंत्र म्हणतायत आणि हे मागच्या पडवीत पाण्याच्या टाकीत टॉर्च मारून उभे! काकू म्हणतात, "मला बघायला आले तेव्हा माझ्याआधी आमच्या विहिरीत वाकून बघितलंन यांनी." काका शांतपणे म्हणतात, "विहीर चांगली होती गो."

आणि अशा माणसाच्या हृदयाची नळी तुंबावी! स्टेंट बसवला, म्हणजे नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी. वर्षभरात जाळीच्या आतच पुन्हा अरुंद. मग जाळीत दुसरी जाळी. आठ महिन्यांत तीही अरुंद! जेट्टीपर्यंत चालायचं तर दोनदा छातीवर हात. त्या वर्षी काकूंनी लोणचंच घातलं नाही. "खाणार कोण?" एवढंच म्हणाल्या.

शेवटी मीच गाडी काढली आणि दोघांना कोल्हापूरला नव्या डॉक्टरांकडे नेलं. ते म्हणाले, तिसरी जाळी नको, बायपासचा विचार करू. काका खुर्चीत पुढे सरकले.

"डॉक्टर, आत कोणी बघितलंय?"

"अँजिओग्राफी झालीय की तुमची."

"तो बाहेरून काढलेला फोटो. जाळी भिंतीला टेकलीय का, ते आत उतरून बघितलंत का? पोफळीत मी न बघता अस्तरावर अस्तर मारलं असतं तर साहेबानं घरी बसवलं असतं मला!"

"अहो, बोगदा नाहीये हा!" काकूंनी त्यांची बाही ओढली.

मला वाटलं, आता डॉक्टर हाकलणार. पण ते म्हणाले, "बरोबर विचारताय. आधी कॅमेरा घालून बघू, मग ठरवू."

आणि काय निघालं! पहिली जाळी पूर्ण उघडलीच नव्हती, बाहेरून कॅल्शियमचं टणक कडं आवळून बसलेलं! डॉक्टरांनी कडं फोडलं, जाळी नीट फुलवली, औषध लावलेला फुगा आत फुगवून परत काढून घेतला. नवी जाळी नाही, बायपास नाही! काका जागेच होते, पडद्यावर सगळं बघत. बाहेर आले ते विजयी वीरासारखे, "काय सुंदर काम केलंन गो!" मग डॉक्टरांनी दिलेले नळीच्या आतले फोटो मांडवीत कोणी बघायचं सोडलं नाही. मासेवालीनं तर हातातली सुरमई खाली ठेवून बघितलं.

सहा महिन्यांनी तपासणी झाली, नळी स्वच्छ उघडी! त्याच रविवारी आम्ही हेदवीच्या गणपतीला गेलो. काका कुठेही न थांबता पायऱ्या चढून गेले, मी मागे धापा टाकत. वळून बघते तर काकू मधल्या पायरीवर बसलेल्या, डोळ्यांतून घळाघळा पाणी. इतक्या दिवसांत त्यांना रडताना मी पहिल्यांदाच बघत होते.

"तीनदा मीच सही केली गो ऑपरेशनच्या त्या कागदांवर," त्या म्हणाल्या. "चौथ्यांदा हात उचलला नसता माझा."

मी त्यांच्याशेजारी बसले. वरून काका ओरडत होते, "अगो, ये की वर! बसलीस काय?"

काकूंनी पदरानं डोळे पुसले. "येत्ये म्हणावं," त्या हळूच म्हणाल्या, "जरा मला दम खाऊ दे आता."