पत्रिकेतून सांडलेले मामा

हसणार नसाल तर सांगतो, स्वतःच्याच लग्नात मी काय घाण करून ठेवली होती ती! हसणारच म्हणता? बरं, आधी चहा घ्या.

ऐंशीच्या दशकाचा शेवट. मी दूध संघात कॉम्प्युटरवर होतो. ते खोकं बघायला लोक चपला बाहेर काढून आत यायचे. साहजिकच माझी कॉलर कायम ताठ!

त्यात माझं लग्न ठरलं आणि दुष्काळही पडला. आमच्या अणदुरात विहिरी कोरड्या. पाणी होतं ते नळदुर्गाकडच्या हणमंतमामांच्या विहिरीला. पंगतीसाठी टँकर तेच आणणार होते. म्हणजे माझं लग्न मामांच्या विहिरीत अडकलेलं!

आमच्याकडं एका गावातल्या सगळ्या भावकीला मिळून एकच पत्रिका जाते, वर सगळ्यांची नावं. आई म्हणाली, "बस, म्या सांगते तसं लिही. मानाचं नाव पयलं."

हातानं लिहू? मी? नावं-गावं कॉम्प्युटरात भरली आणि हुकूम सोडला: एकेका गावाची नावं गोळा कर, मधे स्वल्पविराम टाक, एका ओळीत जोड. झटक्यात ओळी तयार! पत्रिकांवर चिकटवल्या, धाडून दिल्या.

मामांचा निरोप आला, "म्या येत न्हाय."

धावत गेलो. मामा बाजेवर, तोंड भिंतीकडं.

"वाच," पत्रिका पुढं करत म्हणाले.

वाचली आणि घामच फुटला. नावं अ-आ-इ अशी लागलेली. पहिला मान अंबादासमामांना, म्हणजे ज्या धाकट्या भावाशी बांधावरून मामांचं बोलणं बंद, त्यांना! आणि शेवटी? ओळीत मावली तेवढीच अक्षरं ठेवून कॉम्प्युटरनं बाकीची गपचूप कापलेली. हणमंतमामांचा नुसता 'ह' उरला होता.

"मामा, ते मशीननं..."

"मशीनला मामा असत्यात व्हय रं?"

"चुकलं, मामा!"

"चुकतंय कशाचं? पयला मान अंबादासचा न्हवं? मग त्याच्याच हिरीचं पानी आण जा."

अंबादासमामांच्या विहिरीत पारव्यांनी घरटी केली होती हो!

लग्नाच्या दिवशी अंबादासमामा सगळ्यांच्या आधी हजर, फेटा बांधून मानाच्या जागी. पंगत बसायची वेळ झाली तरी पाण्याचा पत्ता नाही. आई माझ्याकडं अशी बघत होती की बाशिंगाआड लपावंसं वाटलं.

तेवढ्यात हणमंतमामा आले. हातात एक तांब्या!

"घे. पत्रिकेत जेवढं नाव, तेवढं पानी."

मी बाशिंगासकट त्यांचे पाय धरले. मामा गालात हसले.

"ऊठ रं येड्या. टँकर गावच्या येशीत उभा हाय. भाचा कोनाचा हाईस?"

रडूच आलं मला. पंगती मग अशा उठल्या की बुंदी कमी पडली, पाणी नाही!

पुढं माझ्या मुलाचं लग्न निघालं. कॉम्प्युटरला हात लावला नाही. आईसमोर मांडी घालून मामांच्या गावची पत्रिका स्वतः लिहिली. पहिलं नाव हणमंतमामा, चांगलं ठळक.

लगेच निरोप आला. अंबादासमामा रुसलेत. म्हणाले, "मशीनला अक्कल हुती, ह्यालाच न्हाय!"