हेडफोन लावून शिकवलेला नफा-तोटा

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी दहा वाजता चौदाशे नव्व्याण्णव रुपयांची मनःशांती आमच्या घरी आली. हजर: मी, बायको शुभदा आणि सातवीतली मुलगी ईशा. खोकं उघडलं तेव्हा मनःशांती हेडफोनच्या रूपात निघाली.

मी नाशिक रोडच्या एका पतसंस्थेत हिशेब बघतो, म्हणून ईशाचं गणित माझ्याकडे. शिकवताना माझा आवाज चढतो. पुन्हा एकदा ओरडलात तर ईशा क्लासला जाणार, असं शुभदाने बजावलं होतं. हिशेबनिसाची मुलगी आणि गणिताच्या क्लासला! ऑफिसात तोंड कुठे दाखवायचं?

ऑफिसातल्याच एकाने उपाय सांगितला. कानाला संथ बासरी लावायची, श्वास लांब सोडायचा, मुलांचा राग येतच नाही. मी तसंच केलं. (सुधारणा माझी एकच. बासरी नीट पोचावी म्हणून आवाज पूर्ण ठेवला.)

गणित होतं: वीस टक्के नफा घेऊन खुर्ची सहाशेला विकली, तर खरेदी किती? ईशाने पाचशे लिहिलं. एरवी मी पेटलो असतो. आज लांब श्वास सोडला आणि अगदी हळुवारपणे म्हणालो, "बाळा, सहाशेचे वीस टक्के एकशे वीस. वजा कर. चारशे ऐंशी."

ईशा दचकली. मला वाटलं, बापाच्या मायेने गहिवरली. म्हणून तेच आणखी चार वेळा प्रेमाने सांगितलं. शुभदा लाटणं घेऊन बाहेर आली, तोंड हलवू लागली. मी हसून मान डोलावली. ती भराभर खिडक्या लावत सुटली. रस्त्यावरच्या रिक्षांचा मला त्रास नको म्हणून! केवढी समजूतदार बाई!

(खाली गेटपाशी पहिल्या मजल्यावरचे देवरेकाका भंगारवाल्याला जुना कूलर देत होते. सौदा चारशेवर आला होता. वरून कोणीतरी ठणकावून चारशे ऐंशी म्हणाल्यावर काकांनी कूलरवर हात ठेवला. "मग त्यालाच द्या ना बाबा," म्हणत भंगारवाला गाडी ढकलत निघून गेला. हे मला नंतर कळलं.)

दार वाजलं असावं, कारण शुभदाने ते उघडलं. बाहेर आमच्या खालच्याच मजल्यावरच्या जोशीबाई. शाळेतून निवृत्त झाल्यापासून घरीच गणिताचे क्लास घेतात. मी हेडफोन काढला आणि विचारलं, "आवाज जरा मोठा झाला का?"

"आवाजाचं सोडा हो. खाली माझ्या बॅचलाही हेच गणित चाललंय. पोरं पाचशे खोडून चारशे ऐंशी लिहायला लागली, म्हणून वर आले."

मी कागद ओढला. चारशे ऐंशीवर वीस टक्के धरले तर होतात पाचशे शहात्तर. पाचशेवर धरले तर बरोब्बर सहाशे.

"कधीची सांगतेय, बाबा," ईशा म्हणाली. "तू नुसता हसत होतास."

हरलो. ईशाला क्लासला घ्या, असं मी बाईंना म्हणालो. बाईंनी तिची वही चाळली आणि मिटली.

"हिला कशाला? हिचं सगळं बरोबर आहे."

शुभदाने माझ्याकडे बघितलं. मग बाईंनी बघितलं.

अखेर जोशीबाईंना पहिल्या महिन्याची फी दिली, आठशे रुपये रोख. पावती माझ्या नावावर आहे. रविवारची दहाची बॅच, सातवीची. उशिरा आल्यास बाहेर उभं करतात.