यू पाइनेमची घसरती सीट

यू पाइनेमच्या, म्हणजे पाइनेमताईच्या, सायकलची सीट पहिल्यांदा घसरली ती खरोखरच घसरली, एवढं तिच्या बाजूने आधी सांगून टाकायला हवं. विकायला काढलेल्या जामूच्या, म्हणजे हळद-चिंचेच्या काढ्याच्या, बाटल्या मागच्या टोपलीत खुळखुळत होत्या. घरून निघताना बाई महाराणीसारखी उंच बसली होती, आणि जावा बेटावरल्या बांतुल गावाच्या अलीकडच्या चौकात येईपर्यंत तिचे गुडघे छातीला लागले. चौकात वडाखाली सारजिमानचं पंक्चरचं दुकान होतं. दुकान म्हणजे हवेचा पंप, पाण्याची परात आणि सारजिमान.

त्याने दुधाच्या डब्याचा पत्रा कापून दांड्याभोवती गुंडाळला, दांडा नळीत ठोकला, बोल्ट आवळला. मधे समोरच्या टपरीवरून खडीसाखरेचा चहा मागवला. बायको गेल्यापासून आपल्याला कुणी बळेबळे काढा पाजलेला नाही, असंही बोलता बोलता म्हणाला. पाइनेमने त्याला पेलाभर जामू फुकट पाजला आणि हसत घरी गेली. पुढे कितीतरी दिवस सीट जागची हलली नाही. पाइनेमला त्या सीटचा राग यायला लागला.

शेवटी एका संध्याकाळी, नातवंडं असलेली ही विधवा बाई, अंगणात फतकल मारून बसली आणि सीटचा दांडा उपसून त्याला खोबरेल चोळायला लागली. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं आपण म्हणतो. इथे नवरी उतावळी होती, आणि सीट इतकी खाली जायची की गुडघ्याचं बाशिंग सरळ कपाळाला टेकलं असतं.

मग काय विचारता! बाई हळद वाटताना गाऊ लागली. जामूत गुळाऐवजी मीठ पडलं तरी गिऱ्हाइकाला म्हणाली, पी गुमान, तब्येतीला बरं असतं. आणि उठल्यासुटल्या चौकात सायकल उभी. सारजिमानने दुहेरी पत्रा घातला, दांडा कानशीने खरवडला, नळीत वाळू टाकली. फडक्याला लागणारं पिवळं त्याला गंज वाटायचं. भोळा सांब तो.

पण गाव भोळं नसतं. सारजिमानला साधी सीट धरून ठेवता येत नाही, असं बोललं जाऊ लागलं. गिऱ्हाइकं पलीकडच्या नव्या गॅरेजकडे वळली. पाइनेमला हे दिसत होतं आणि वाईटही वाटत होतं. रोज ती ठरवायची, आजपासून तेल बंद. संध्याकाळी हात आपोआप बाटलीकडे जायचा.

एका सकाळी ती पोचली तेव्हा सारजिमान हत्यारं पेटीत भरत होता. टपरीवाली गियेम सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "अहो कांग, सारजिमानदादा, पंप विकायचा झाला तर मला द्या. चुलीला वारा घालायला होईल." लोक हसले. सारजिमानही हसला, पण त्याचे कान लाल झाले.

"बरोबर आहे तिचं," तो म्हणाला. "हातच राहिला नाही माझा. यू पाइनेम, तुम्ही उद्यापासून गॅरेजवाल्याकडे जात जा."

पाइनेमने सायकल वडाला टेकवली.

"हात चांगलाच आहे त्यांचा," ती टपरीकडे तोंड करून म्हणाली. "दांड्याला मी तेल लावते. मुद्दाम."

गियेमच्या किटलीतला चहा पेल्याऐवजी कुणाच्या तरी मांडीवर पडला. "का गं बाई?"

"सीट घट्ट बसली की मला इकडे यायला निमित्त उरत नाही."

बोलून गेली खरी, आणि मग भुई दुभंगली तर बरं असं तिला झालं.  सारजिमानने दांडा उपसला आणि पुसला. बोटांना लागलेल्या पिवळ्याकडे बघत राहिला. ती तिच्या हातांची हळद होती. ती मात्र त्याने पुसली नाही. नळी आतून कोरडी केली, नवा पत्रा घातला आणि सगळा जोर लावून बोल्ट आवळला.

पाइनेमने पाहिलं, तर सीट चांगली वीतभर उंच बसली होती.

"कांग, माझे पाय पोचायचे नाहीत."

"माझे पोचतात," सारजिमान म्हणाला. त्याने जामूची टोपली उचलून हँडलला अडकवली आणि त्याच पिवळ्या फडक्याने कॅरिअर पुसलं. "तुम्ही मागे बसा."