मला द्यायला नेलं होतं

आमच्या आयला, उर्सुलाला, आगाशीच्या बाजारात सगळे ओळखायचे ते तिच्या तोंडामुळे. केळी आणि भाजी घेऊन बसायची. गिऱ्हाईक घडातली केळी चाचपत राहिलं की म्हणायची, "केळं घेतोस की लग्नाला मुलगी बघतोस? घे नायतर हो पुढे!" समोरचा हसत हसत घेऊनच जायचा. अशी बाई. आणि हीच बाई एका दुपारी एका घरात तोंड शिवल्यासारखी गप्प बसली. त्या दुपारचं मी सांगणार आहे. मला सांगताना अजून डोक्यात तिडीक जाते, तेव्हा शब्द इकडचा तिकडे झाला तर समजून घ्या. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो, लिहिताना मी ते जरा सरळ केलं आहे.

माझे बाबा ॲन्सेल्म. त्यांची मोठी बहीण कॅथरिन, माझी आत्या. घरात सगळे तिला बाय म्हणायचे. डहाणूच्या पुढे तिच्या नवऱ्याची चिकूची वाडी होती. घरात काही कमी नव्हतं, फक्त मूल जगत नव्हतं. किती झाली आणि किती गेली, ते तिच्यासमोर कोणी काढत नसे. माझी आजी अंथरुणाला खिळली तेव्हा बाय इथे येऊन राहिली, आजीचं सगळं हागणंमुतणं तिने काढलं. आजी गेली त्या दिवशी बाबांना भरून आलं आणि ते बोलून बसले, "बाय, उर्सुलाला आता मुलगी झाली तर ती तुझ्या ओटीत घालीन."

आय तेव्हा पोटुशी होती. तिला कोणी विचारलं का? छे! विचारायचं कशाला, पोट तिचं असलं तरी जीभ बाबांची ना!

तर झाली मुलगी. ती मी, रेजिना. बाप्तिस्म्याला बायनेच मला हातात धरलं होतं. दूध सुटेपर्यंत थांबू असं ठरलं, मग दोन वर्षं थांबले. आणि एकोणीसशे सत्तरच्या मे महिन्यात बाबांनी आयला सांगितलं, "आता पोचवून ये." स्वतः नाही गेले. म्हणाले, मला बघवणार नाही. म्हणजे ह्यांना बघवणार नाही म्हणून बायकोला एकटीला धाडायचं! काय म्हणावं ह्या माणसाला!

माझा भाऊ हिलरी तेव्हा साडेचार वर्षांचा. त्याला घेऊन जायचं काही कारण नव्हतं. पण मी होते महाहट्टी, आणि त्याने केल्याशिवाय काही करायची नाही. औषधाचा चमचा आधी त्याने चाटायचा, मग मी. पाण्यात पाय आधी त्याने घालायचा, मग मी. आयने विचार केला, हा बरोबर असला तर ही वाटेत रडणार नाही. एवढ्यासाठी तो आला.

हे सगळं मला आयने सांगितलं आहे, तुकड्यातुकड्याने, भाजी निवडता निवडता. मला आठवत काहीच नाही.

एसटीने विरार आणि विरारहून डहाणूची शटल गाडी. लहान मुलं घेऊन उन्हाळ्यात प्रवास केलेल्या बाईला बाकी काही सांगायला नको. माझ्या मानेवर घामोळं उठलेलं, बाटलीतलं दूध फाटून गेलेलं, लंगोट वाळत घातलेला खिडकीच्या गजावर. हिलरी मात्र खुशीत. वैतरणेच्या पुलावर गाडी आली तेव्हा तो बाकावर उभा राहून ओरडला, "आय, खाली सगळा समुद्र!" खाडी होती ती, पण आयने त्याला समुद्रच राहू दिला. पालघरला तिने ताडगोळे घेतले. हिलरीने एक सोलून आधी स्वतः खाऊन दाखवला, तोंडभर पाणी गळलं, मग मी खाल्ला आणि दोघं खिदळत बसलो. आय म्हणायची, ती घटका इतकी छान गेली की आपण कुठे चाललोय तेच मी विसरले.

बोईसरच्या आसपास मला उलटी झाली. समोरच्या बाईच्या गाठोड्यावरच. ती बिचारी एक शब्द बोलली नाही, उलट आपल्या पदराने माझं तोंड पुसलं आणि आयला विचारलं, "माहेरी चाललीस का पोरांना घेऊन?" आय म्हणाली, "हो." मग खिडकीकडे तोंड करून बसली. तोपर्यंत माझं अंग चटके बसावे इतकं तापलं होतं.

बायच्या घरी पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं. ओसरीवर शेजारच्या चारदोन बायका बसलेल्या, बायची सासू खुर्चीत, आतोबा आलोशियस नवा सदरा घालून उभे. माझ्यासाठी झालरीचा फ्रॉक शिवून ठेवला होता. आमच्या घराण्यात रीत अशी होती की घेणारीने पदर पसरून बसायचं, देणारीने मूल तिच्या ओटीत बसवायचं, आणि तिने मुलाच्या तोंडात गोड घातलं की मूल तिचं झालं. कागद नाही, काही नाही.

बाय पदर पसरून बसली. आय मला खाली ठेवू लागली तर मी तिच्या मानेला घट्ट मिठी मारली. तापाने फणफणलेली, ओरडून ओरडून निळी पडले म्हणे. एक बोट सोडवावं तर दुसरं रुतायचं. बायका म्हणायला लागल्या, "अगो, घाबरलीय पोर." तेव्हा आयला रोजच्या सवयीने जे सुचलं ते ती बोलून गेली. "हिलरी, जा बाळा, तू आत्याच्या मांडीत बसून दाखव. मग ही बसेल."

तो शहाणा मुलगा. लगेच गेला, बायच्या पदरात मांडी घालून बसला, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "बघ रेजी, काय नाय होत."

बायने त्याच्या तोंडात खोबऱ्याची वडी घातली.

तिने मुद्दाम घातली, की मला दाखवायला घातली, की सकाळपासून हातात धरून ठेवलेली वडी नकळत पुढे गेली, ते देवालाच माहीत. मी कधी एक म्हणते, कधी दुसरं. पण त्याने ती गिळली आणि म्हातारी सासू खुर्चीतून हात जोडून ओरडली, "मुलगा आला गो! देवाने मुलगा धाडला!" आतोबांचे डोळे भरून आले. आय हसली. तिला वाटलं, गंमत चाललीय.

मग तिच्या लक्षात आलं की दुसरं कोणी हसत नाही.

"बाय, पोराचं नव्हतं ठरलं," ती म्हणाली. "तो नुसता दाखवायला बसला."

बायने हिलरीला पदरासकट छातीशी धरलं होतं. ती भांडली नाही. भांडली असती तर आयने तिचं ऐकलं नसतं, आय कुणाला हार जाणारी नव्हती. बाय रडत म्हणाली, "उर्सुला, माझ्या ओटीतून देवाने सगळी उठवून नेली. आता तू पण ह्याला उठवून नेतेस?"

आय सांगायची, "त्यावर मी काय बोलू? तुला सांगते रेजी, माझी जीभच उचलली नाय." ओटीत बसलेलं मूल उठवून न्यायचं म्हणजे त्या बाईच्या तोंडावर परत एक मरण टाकायचं. बायका बघत होत्या. मी खांद्यावर जळत होते, आणि डॉक्टर होता तो स्टेशनजवळ. बस सुटायची वेळ झाली होती. आयने मनात हिशेब केला, आधी हिला वाचवू, मग घरी जाऊन नवऱ्याला पाठवू, भाऊ-बहीण आपसात बघून घेतील. तिने हिलरीच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तू राह हां इथे, चिकू खा. मी रेजीला डॉक्टरकडे दाखवून येते."

तो म्हणाला, "बरं."

आम्ही दोघी घरी आलो, आयने सांगितलं ते बाबांनी विहिरीच्या कठड्यावर बसून ऐकलं. मग म्हणाले, "आता झालं ते झालं. बायचं मन मोडायचं नाय." आयने आकांत केला, भांडीकुंडी आपटली, जेवली नाही. बाबा गेले नाहीत. ती एकटी निघाली की म्हणायचे, "जा, पण माझा शब्द मोडून आलीस तर ह्या घरात येऊ नको." मग बायचा निरोप आला, पोरगा रात्री उठून रडतो, तुला बघितलं तर रुळणार नाही, एवढ्यात येऊ नको. आय थांबली. वर्षभराने सणाला बाय त्याला घेऊन आली तेव्हा तो दारातच तिच्या मागे लपला. बायने पुढे ढकललं, "मामी आहे ना तुझी? नमस्कार कर." आणि त्याने केला. "मामी, येशूला स्तुती."

हो, मामीच. बाबांच्या बहिणीचा मुलगा म्हटल्यावर आय त्याची मामीच लागणार. नात्यात काही चूक नव्हती.

त्यानंतर आय बाजारात बसायची तशीच, तोंडही तसंच चालायचं. पण मला घेऊन ती कुठे म्हणून गेली नाही. शाळेची सहल असो, वेलंकनीची यात्रा असो, मला शेजाऱ्यांबरोबर पाठवायची. मी चिडायचे, हिला माझी लाज वाटते की काय! मोठी झाल्यावर कळलं, मला बघून तिला तो आठवतो. त्यात माझा काय दोष? तिलाही ते माहीत होतं, म्हणून ती मला कधी बोलली नाही. माझ्यावर मायाही केली, भरपूर केली. पण माझे केस विंचरताना मध्येच थांबायची.

बाबा सत्त्याऐंशी साली गेले. महिन्याच्या मिस्साला, म्हणजे त्यांच्यासाठी देवळात प्रार्थना ठेवली होती तिला, हिलरी एकटा आला. बायचे गुडघे गेले होते, आतोबांना दिसत नव्हतं. तो तारापूरला कारखान्यात लागला होता, उंच, मिशी ठेवलेला, हुबेहूब बाबा. जेवणं झाली, पाहुणे गेले, आम्ही तिघं पडवीत बसलो. त्याने हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला आणि जमिनीकडे बघत विचारलं, "मामी, एक विचारू? त्या दिवशी माझं काय चुकलं होतं?"

आयला कळेना. तो म्हणाला, "मला ठेवून गेलात. मी काहीतरी केलं असेल ना? गाडीत बाकावर उभा राहिलो म्हणून?"

अरे देवा! एवढी वर्षं हा मुलगा हे घेऊन फिरत होता. आयने त्याचे दोन्ही हात धरले. तिला वाटलं, खरं सांगितलं की त्याच्या मनावरचं ओझं उतरेल. "नाय रे माझ्या राजा, तुझं काय नाय चुकलं. तुला द्यायला मी नेलंच नव्हतं. हिला नेलं होतं. तू नुसता दाखवायला बसलास आणि..." तिने सगळं सांगितलं. वडीचं, सासूचं, माझ्या तापाचं.

त्याने ऐकून घेतलं. माझ्याकडे बघितलं नाही, बरं झालं. मग अगदी हळू म्हणाला, "म्हणजे चुकून. मग दुसऱ्या दिवशी मला न्यायला का नाय आलीस, आय?"

सतरा वर्षं ज्या हाकेसाठी ती थांबली होती ती अशी आली. ती उठून आत गेली. मला वाटलं, रडायला गेली. बाहेर आली ती बाहेर जायचं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन, पायात चपला.

"चल," ती म्हणाली. "शब्द देणारा गेला. तुझे कपडे घेऊन येऊ. संध्याकाळची शटल मिळेल."

तो उभा राहिला. रडत होता, मिशीवरून पाणी ओघळत होतं. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता तिकडे त्यांना माझ्याशिवाय कोण आहे, मामी?" तो म्हणाला.

आयने पिशवी खाली ठेवली.