गोड्या पाण्याची बाटली

गोदाच्या बापसाने, गुणाजीने, अट घातली होती: शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात पहिला नंबर आला तर पुढे शीक, नाहीतर दिवाळी झाली की मिठागरावर टोपली उचल. बाळकुम गावातून ठाण्याच्या शाळेत चालत जाणारी ती एकटीच मुलगी. साल छप्पन.

विषय होता वीज. वकिलांची मुलगी उत्तरा हिने विजेची घंटा घेतली. तिच्या घरी वीज होती. गोदाच्या घरी कंदील. तिने घरात मुबलक होतं तेच उचललं, खारं पाणी. बापूस मिठागराच्या वाफ्यातलं पाणी दोन बोटांत चोळून सांगायचा, मीठ धरेल की नाही. ते विजेने सांगता येईल का?

टॉर्चचे दोन सेल, तांब्याच्या दोन पट्ट्या आणि तार गुंडाळलेलं होकायंत्र. आठ दिवस तिने शाळेत करून पाहिलं. वाफ्याच्या पाण्यात पट्ट्या बुडवल्या की सुई झटक्यात वळे, खाडीच्या पाण्यात कमी, नळाच्या गोड्या पाण्यात जेमतेम थरथरे. विज्ञानाचे सर म्हणाले, "लख्ख फरक आहे. नंबर तुझाच."

प्रदर्शनाच्या दिवशी तिने तिन्ही बाटल्या घरूनच भरल्या. आई आवडाबाईने विहिरीचं पाणी फडक्यातून गाळून दिलं. गोडं पाणी ते गोडं पाणी, असंच दोघींना वाटलं.

शाळा समितीचे अध्यक्ष टेबलापाशी आले. गोदाने गोड्या पाण्यात पट्ट्या सोडल्या. सुई वळून बसली.

"हे गोडं?" अध्यक्षांनी विचारलं.

"हो साहेब. आम्ही हेच पितो."

त्यांनी घोटभर तोंडात घेतलं आणि तिथेच फरशीवर थुंकले. "अहो, हिने खाडीच आणली आहे!"

सगळा वर्ग हसला. "मीठवाली, मीठवाली!" मागून कोणीतरी ओरडलं. उत्तराने नाकाला रुमाल लावला. गोदाने बाटली तोंडाला लावली आणि अर्धी पिऊन दाखवली. मग तर हसणं थांबेना.

सगळे पांगल्यावर तिने शाळेच्या नळाचं पाणी ओंजळीत घेतलं. एक घोट नळाचा, एक बाटलीतला. जन्मात पहिल्यांदाच तिने दोन्ही लागोपाठ चाखली. ती धावत सरांकडे गेली.

"सर, सुई बरोबर होती! आमची विहीरच खारट आहे. अध्यक्षांना सांगा ना."

सर वहीवर वाकले होते. "माझ्या लक्षात आलं ते तेव्हाच."

"मग?"

"मग काय? चारचौघांत साहेबांना सांगू, की तुम्ही बोललात ते चुकलं? घंटेला नंबर दिलाय. जा घरी."

गुणाजी अंगणात टोपलीला वेत बांधत होता. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, नंबराचं विचारलंच नाही.

"बाबा, सुई खोटी नव्हती. आपलं पाणी खारट हाय."

"सगल्या गावाचं तेच हाय. मरलं का कोण?" त्याने गाठ आवळली. "शाळेत जाऊन घरच्या पाण्याला नावं ठेवाया शिकली."

दिवाळीनंतर चौथ्या दिवशी ती वाफ्यात उतरली. तळव्यांना चिरा पडल्या, त्यांत मीठ भरलं. मुकादमाने तिला पाणी दोन बोटांत चोळून बघायला सांगितलं.

"धरेल," ती म्हणाली. ते बरोबर निघालं. त्या कामावर तिला कायमची ठेवली.