डिस्पॅचकाकांची खिंड

आमचे डिस्पॅचकाका ट्रेकचं प्लॅनिंग शेवटच्या दिवसापासून करायचे. मतलब आपण कसं, पहिल्या दिवशी कुठं पोचायचं, दुसऱ्या दिवशी किती चढायचं, असं लिहीत खाली येतो. काका कोऱ्या कागदाच्या एकदम तळाशी पहिली ओळ लिहायचे, "सर्व जण इंदूर स्टेशनवर उतरले", आणि तिथून एकेक दिवस वर सरकायचे. मी हसलो तर म्हणाले, "देख भिया, वर तर कोणीबी जातो. घरच्यांनी आपल्याला परत यायच्या अटीवर सोडलेलं असतं."

ही सवय सांवेर रोडची. तिथल्या एका गिअरच्या कारखान्यात, डिस्पॅच खात्यात, त्यांनी जिंदगी काढली. माल ट्रकवर कधी चढणार ते आधी ठरवायचं आणि तिथून उलटं मोजत यायचं, हे त्यांचं काम. रिटायर झाल्यावर ट्रकच्या जागी आम्ही आलो, बस. दरवर्षी पाच-सहा जणांना हिमालयात न्यायचे. ऑफिस म्हणजे इंदूरच्या अन्नपूर्णा भागातल्या त्यांच्या फ्लॅटमधलं डायनिंग टेबल. मी देवासहून नोकरीला आलेला, त्यांच्याच बिल्डिंगमध्ये भाड्यानं राहायचो. एकदा जिन्यात त्यांची नक्कल करताना पकडला गेलो आणि शिक्षा म्हणून ग्रुपमध्ये घेतला गेलो. आता काका मुलीकडे बंगलोरला असतात, म्हणून नक्कल बिनधास्त चालू आहे.

त्या वर्षी चौदा हजार फुटांवरची एक खिंड ठरली होती. काका तिथून दोनदा अर्ध्यातून परत फिरले होते; एकदा बर्फ आडवं आलं, एकदा ग्रुपमधल्या एकाचं डोकं दुखायला लागलं म्हणून. तेव्हा वय अडुसष्ट. "हीच एक राहिलीय," एवढंच म्हणायचे, पण दिवसातून चारदा म्हणायचे.

दर रविवारी पहाडातल्या गाईडला, प्रेमसिंगला, फोन. "प्रेमसिंग, ऊपर बर्फ कितना है?" हे एकदा. मग "अम्मा का घुटना कैसा है?" यावर दहा मिनिटं. मी हा फोन त्यांच्यासमोरच करून दाखवायचो. काका शांतपणे ऐकायचे आणि सुधारायचे, "शेवटचं 'अच्छा' अजून ओढ. मी इतक्या लवकर फोन ठेवत नाही."

हट्टी पण तेवढेच. ग्रुपमध्ये बँकेतल्या मोघेताई होत्या. त्यांनी कागद वाचून विचारलं, "काका, हे चौथ्या दिवशी नुसतं बसायचं काय आहे? माझी सुट्टी कमी आहे, तो दिवस काढा ना." काका म्हणाले, "ताई, तो दिवस तुमच्यासाठी नाही, तुमच्या फुप्फुसांसाठी आहे. त्यांना उंचीची ओळख व्हायला वेळ लागतो. सुट्टी वाढवा, पहाड कमी होणार नाही." ताईंनी वाढवली.

निघायच्या दहा दिवस आधी सगळ्यांच्या सॅक तपासल्या. आम्हा पाच जणांच्या पाच सॅक. प्रत्येकानं विचार केला, सगळ्यांसाठी थोडी शेव आपण घेऊ. लौंगवाली, लसणाची, बारीक. काट्यावर टांगली तर नऊ किलो भरली. हातमोज्यांची दुसरी जोडी मात्र एकाकडेही नाही. काका शेवेच्या ढिगाकडे बघत राहिले. "भिया, तिथं थंडी वाजली की काय हातावर शेव भुरभुरणार?" एक किलो ग्रुपसाठी ठेवली, बाकीची स्वतःच्या किचनमध्ये जमा केली. "हिची काळजी मी घेतो," म्हणाले.

मग टेस्ट. आठ किलो पाठीवर, चार मजले, दहा चक्कर. घाई करायची नाही, पण प्रत्येक वेळी वर पोचल्यावर न थांबता एक पूर्ण वाक्य बोलायचं. ज्याचं वाक्य तुटलं तो खिंडीत जाणार नाही, हा त्यांचाच नियम. गच्चीच्या दारात कागद घेऊन मी उभा. सगळे पास झाले. मोघेताई तर दहाव्या चकरेला शेजारणीची पूर्ण तक्रार सांगून गेल्या.

शेवटी काका. सहाव्या चकरेला म्हणाले, "आज हवा..." आणि कठड्याला हात लावला. श्वास घेतला, मग "चांगली आहे."

बाकीचे खाली चहा पीत होते. मी म्हणालो, "काका, मी काहीच ऐकलं नाही."

"तू लोकांच्या नकला करतोस. तुझ्या कानाला काही झालेलं नाही. लिही."

"यार काका, तुमचीच खिंड आहे ती."

"खिंड कोणाचीच नसते, बेटा. लिही."

मी लिहिलं. अक्षर इतकं घाण आलं की त्यांनी परत लिहायला लावलं.

खाली येऊन काकांनी कागद पुढं ओढला आणि तळापासून पुन्हा प्लॅन केला. आम्ही पाच जण प्रेमसिंगबरोबर खिंड ओलांडणार, काका जीपनं वळसा घालून पलीकडच्या गावात आमची वाट बघणार. कुठंही खाडाखोड नाही. फक्त त्या दिवशी "हीच एक राहिलीय" एकदाही म्हणाले नाहीत, आणि ते न ऐकणं मला फार जड गेलं.

आम्ही खिंड ओलांडली. सहाव्या दिवशी दुपारी खाली उतरलो, तर काका एका घराच्या ओसरीवर बसलेले. आधी पाच डोकी मोजली. मग प्रत्येकाचे बूट उतरवून टाचा बघितल्या, माझ्या फोडावर स्वतः पट्टी लावली. मग म्हणाले, "हां, आता सांग."

मी सुरू झालो. प्रेमसिंगची चाल, मोघेताईंचं बर्फावर घसरणं, दगडांच्या ढिगाला बांधलेल्या फडफडत्या पताका, दोन्हीकडचे डोंगर, सगळं आवाजांसकट. काका डोळे मिटून ऐकत होते. मी म्हटलं, "आणि मग आम्ही खाली उतरायला लागलो."

त्यांनी डोळे न उघडता माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"थांब भिया. मी आत्ताच पोचलोय. जरा बसू दे मला वर."